गाजॉंग-री

दक्षिण कोरियाच्या उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातील एक खेडे व चॉन्दोग्यो (मूळ नाव दोंगहाक) या कोरियन देशी धर्माचा संस्थापक चे जे-ऊ (१८ डिसेंबर १८२४–१५ एप्रिल १८६४) याचे जन्मस्थान. प्रशासकीय दृष्ट्या हे खेडे ग्यॉंगजू शहराच्या ह्यॉनगोक या ग्रामीण उपविभागात मोडते. शहराच्या वायव्येस, ह्यॉंगसान नदीच्या खोऱ्याच्या पश्चिम कडेला, भातखाचरांचा सपाट प्रदेश संपून डोंगर सुरू होतो, तेथे ते वसले आहे. गावामागे गुमी पर्वत (सुमारे ५९० मी.) उभा असून त्याच्या एका घळईत योंगदाम हे स्थान आहे. गुमी म्हणजे ‘कासवाची शेपटी’ आणि योंगदाम म्हणजे ‘नागसर्पाचा डोह’. याच प्रांतातील गुमी या औद्योगिक शहराचे नाव तसेच उच्चारले व लिहिले जात असले, तरी त्याचा या पर्वताशी संबंध नाही. चे जे-ऊचे जन्मघर, त्याला साक्षात्कार झाला ती जागा, त्याला अटक झाली ती जागा आणि त्याची समाधी ही सर्व या एकाच शिवारात, दोन-तीन किमी. च्या परिसरात आहेत. त्याचा वध तेवढा देगू येथे झाला. एखाद्या धर्मसंस्थापकाचे सारे जीवन एवढ्या थोड्या भूमीशी निगडित असल्याची उदाहरणे विरळ आहेत.

ग्यॉंगजू ही शिल्ला राज्याची इ. स. ९३५ पर्यंतची राजधानी. राजांची मातीच्या टेकड्यांसारखी थडगी, बौद्ध स्तूप, गुंफा व मंदिरे यांसाठी ते जगप्रसिद्ध असून त्याच्या ऐतिहासिक क्षेत्रांचा २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. या वैभवाच्या छायेत गाजॉंग-रीकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही. तेथे पाहण्याजोगी प्राचीन वास्तू एकही नाही. त्याचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे आहे. एकोणिसाव्या शतकात कोरियाच्या समाजव्यवस्थेला मुळापासून हादरा देणारा विचार या खेड्यात उदयास आला आणि त्याचे बीज एका घरातील जन्माच्या कायदेशीर वैगुण्यात होते.

घराणे व जन्म : चे घराणे ग्यॉंगजूमधील जुने घराणे. शिल्लाच्या उत्तरकाळातील विख्यात पंडित चे ची-वॉन (जन्म ८५७) हा या कुळाचा आद्यपुरुष मानला जातो. जे-ऊचा सातव्या पिढीतील पूर्वज चे जिन-रिप (१५६८–१६३७) याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जपानी आक्रमणात पराक्रम गाजविला व पुढे मांचू आक्रमणात, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो रणांगणावर पडला. ग्यॉंगजूमधील प्रसिद्ध धनिक चे घराणेही याच जिन-रिपचे वंशज होत. गाजॉंग-रीच्या शाखेला मात्र ना संपत्ती लाभली, ना अधिकारपद. कागदोपत्री यांगबान (विद्वान-अधिकारी वर्ग) आणि प्रत्यक्षात खेड्यातील साधे पंडित, अशी तिची स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती. जोसॉन राजवटीच्या (१३९२–१९१०) उत्तरार्धात अशी ग्रामीण यांगबान घराणी दक्षिणेकडील प्रांतांत पुष्कळ होती.

जे-ऊचे वडील चे ओक (१७६२–१८४०) हे कन्फ्यूशस परंपरेतील नाणावलेले विद्वान होते. गुनाम या उपनावाने त्यांची ओळख होती व त्यांच्या लेखनाचा संग्रहही उपलब्ध आहे. प्रांतिक पातळीवरील परीक्षा त्यांनी अनेकदा पार केल्या. परंतु राजधानीतील परीक्षेत त्यांना यश आले नाही. अखेर तो नाद सोडून ते योंगदाम येथे अध्ययन-अध्यापनात रमले. दोन पत्नी निवर्तल्या होत्या, पुत्र नव्हता; म्हणून धाकट्या भावाचा मुलगा दत्तक घेऊन वंशाची सोय केलेली होती. अशा वेळी, साठी उलटल्यावर, हान कुळातील एका विधवेशी त्यांचा संबंध जुळला आणि तिच्या पोटी १८२४ च्या चांद्र दहाव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी मुलगा जन्मला. त्याचे बालपणीचे नाव बोक-सुल आणि रीतसर नाव जे-सॉन. ‘जे-ऊ’ हे नाव त्याने स्वतः, पुढे वयाच्या पस्तिशीत, धारण केले. सु-उन (‘जल-मेघ’) हे त्याचे उपनाम असून अनुयायी त्याचा उल्लेख बहुधा याच नावाने करतात.

पाश्चात्त्य लेखकांच्या जुन्या ग्रंथांत जे-ऊचा उल्लेख अनौरस पुत्र असा केलेला आढळतो. तो तंतोतंत बरोबर नाही. तो पुनर्विवाहित विधवेचा मुलगा होता. जोसॉन राजवटीच्या कायद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंचा परिणाम जवळजवळ सारखाच होता. १४८५ मध्ये अमलात आलेल्या राज्यसंहितेने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना, रखेल्यांच्या संततीप्रमाणेच, मुलकी परीक्षेस बसण्याची मनाई केली होती. विधवेने दुसरे लग्न केले तर शिक्षा तिला होत नसे, ती तिच्या मुलाला होई. आईच्या प्रेमाचाच पहारा तिच्यावर बसविणारी ही तरतूद तीन-चार शतके टिकली. त्यामुळे या घरातील पिता परीक्षेत अयशस्वी ठरलेला आणि पुत्र परीक्षेच्या दारातही उभा राहू न शकणारा, असा प्रकार झाला. वडिलांनी त्याला कन्फ्यूशस परंपरेतील अभिजात ग्रंथ कसोशीने शिकविले. हे शिक्षण मुलाला कोठेच नेणार नाही, हे शिकविणाऱ्याला ठाऊक असणारच.

जन्मासंबंधीची आख्यायिका वेगळीच आहे. १८७९ मध्ये अनुयायांनी सिद्ध केलेल्या चरित्रानुसार त्या दिवशी आकाश निरभ्र होते, घराभोवती शुभ मेघ जमले होते आणि गुमी पर्वताचे शिखर तीन दिवस घुमत होते. कोरियातील थोर पुरुषांच्या चरित्रांत अशी चिन्हे ठरावीक असतात. पर्वताचे घुमणे हे त्यांपैकीच. पण या आख्यायिकेत पर्वताला दिलेले स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. खुद्द चे जे-ऊच्या रचनांतही गुमी पर्वत हा केवळ देखावा म्हणून येत नाही, तर त्या भूमीचा संरक्षक आणि घराण्याचा जणू वडीलधारा म्हणून येतो.

आई मुलाच्या लहानपणीच वारली. वडील वारले तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत घराला आग लागून ते वडिलांच्या ग्रंथांसह भस्मसात झाले. उल्सान भागातील पार्क कुळातील मुलीशी त्याचा विवाह झालेला होता. शेतीची सवय नाही, नोकरीचा मार्ग बंद, डोक्यावर छप्पर नाही, अशा स्थितीत त्याने गाव सोडले आणि सुमारे दहा वर्षे फिरता व्यापारी म्हणून तो देशभर हिंडला. या भटकंतीत त्याने काय विकले, यापेक्षा काय पाहिले हे महत्त्वाचे. करांच्या ओझ्याखाली वाकलेली खेडी, लाचखाऊ अधिकारी, पटकीच्या साथी, छळ सोसूनही गुप्तपणे पसरत असलेला कॅथलिक पंथ आणि भविष्यकथनाच्या पोथ्यांवर विश्वास ठेवून सुरक्षित दऱ्याखोऱ्यांच्या शोधात निघालेली माणसे, हे सर्व त्याच्या पुढील लेखनात उमटले आहे. १८५४ च्या सुमारास तो सासुरवाडीच्या भागात, उल्सानजवळ स्थायिक झाला. तेथे १८५५ मध्ये एका भिक्षूने त्याला एक गूढ ग्रंथ दिल्याची कथा सांगितली जाते. त्यानंतर त्याने डोंगरांतील गुहेत व आश्रमांत अनुष्ठाने केली. लोखंड वितळविण्याचा एक उद्योगही त्याने करून पाहिला. तो बुडाला आणि कर्जे झाली.

योंगदाम : १८५९ च्या शरद ऋतूत तो बायकामुलांसह गाजॉंग-रीला परतला. जन्मघर उरलेले नव्हते; म्हणून त्याने योंगदामच्या घळईतील वास्तूत बिऱ्हाड केले. ही जागा मूळची एक लहानशी बौद्ध कुटी असून ती जे-ऊच्या आजोबांनी विकत घेतली होती. वडिलांनी तेथे आपली पाठशाळा थाटली होती. म्हणजे आज जे स्थान चॉन्दोग्यो धर्माचे सर्वांत पवित्र स्थान मानले जाते, ते प्रथम बौद्ध, मग कन्फ्यूशस परंपरेचे आणि शेवटी दोंगहाकचे झाले. बौद्ध, कन्फ्यूशस व ताओ या तिन्ही मार्गांचे युग सरले असे मानणाऱ्या, पण तिन्हींकडून पुष्कळ काही घेणाऱ्या या धर्माच्या दृष्टीने हा योगायोग बोलका आहे. येथेच त्याने आपले जे-सॉन हे नाव बदलून जे-ऊ असे घेतले. ‘अज्ञजनांना तारणारा’ असा त्याचा अर्थ होतो. मार्ग सापडेपर्यंत डोंगर सोडावयाचा नाही, असा निश्चय त्याने केला.

चांद्र चौथ्या महिन्याच्या पाचव्या दिवशी (२५ मे १८६०) त्याला साक्षात्कार झाला. त्या दिवशी दत्तक बंधूच्या मुलाचा वाढदिवस होता व जे-ऊ त्याच्याकडे गेला होता. तेथे अंगात हुडहुडी भरल्यासारखे वाटून तो घरी परतला आणि योंगदाम येथे त्याला परमेश्वराची वाणी ऐकू आली. त्याने स्वतः वर्णिल्याप्रमाणे त्याचे मन थरथरत होते, पण तो रोग कोणता हे सांगता येत नव्हते. वाणीने त्याला एक चिन्ह व एक मंत्र दिला. चिन्ह कागदावर काढून, तो जाळून त्याची राख पाण्यातून घेतली असता आजार बरे होतात असे अनुयायी मानीत. मंत्र एकवीस अक्षरांचा असून चॉन्दोग्यो पंथीय आजही त्याचा जप करतात. चॉन्दोग्यो धर्माची कालगणना याच वर्षापासून, म्हणजे १८६० हे पहिले वर्ष धरून, होते. स्मृतिदिन मात्र सौर पंचांगानुसार ५ एप्रिल रोजी पाळला जातो. चांद्र तिथीचे आकडे तसेच ठेवून ते सौर महिन्याला लावल्यामुळे हा फरक पडला आहे.

या अनुभवातून त्याने जे तत्त्व मांडले, त्याचा गाभा असा की, प्रत्येक मनुष्य आपल्या ठायी ईश्वराला धारण करतो. ईश्वर दूर स्वर्गात नाही; तो विद्वानाच्या ठायी जितका आहे तितकाच गुलामाच्या ठायीही आहे. मग जन्मावरून मानवाची प्रतवारी ठरविण्याला आधार उरत नाही. विद्वत्तेने यांगबान आणि जन्माने बहिष्कृत असलेल्या माणसाच्या तोंडी हा विचार आला, यात नवल नाही. परंपरा सांगते, की त्याने आपल्या घरातील दोन दासींना मुक्त केले आणि त्यांपैकी एकीला सून, तर दुसरीला मानसकन्या करून घेतले. योंगदामच्या त्या लहानशा घरात हा सिद्धांत प्रथम आचरणात आला, तोही घरातील सर्वांत खालच्या पायरीवरील स्त्रियांच्या बाबतीत, ही गोष्ट धर्मतत्त्वज्ञानाच्या विवेचनात बरेचदा राहून जाते. ‘मनुष्यास ईश्वराप्रमाणे वागवा’ हे सूत्र दुसरा प्रमुख चे शी-ह्यॉंग याचे आणि ‘मनुष्य हाच ईश्वर’ हे सूत्र तिसरा प्रमुख सोन ब्यॉंग-ही याच्या काळातील होय. दोहोंचे मूळ मात्र योंगदाममध्ये आहे.

आपल्या मार्गाला त्याने दिलेल्या दोंगहाक (‘पूर्वेची विद्या’) या नावातही स्थानाचा संदर्भ आहे. कॅथलिक धर्माला कोरियात ‘पश्चिमेची विद्या’ म्हणत. चे जे-ऊचे म्हणणे असे, की मार्ग एकच व तो ईश्वराचा आहे. परंतु मी पूर्वेत जन्मलो, पूर्वेत मला तो लाभला, म्हणून माझी विद्या पूर्वेचीच म्हटली पाहिजे. येथे ‘पूर्व’ म्हणजे केवळ आशिया नव्हे. कोरिया स्वतःला चीनच्या पूर्वेचा देश म्हणवीत असे, आणि ग्यॉंगजू तर त्या देशाच्याही आग्नेय टोकाला. पाश्चात्त्य सत्ता चीनवर चालून जात असल्याच्या वार्तांनी लोक भयभीत झाले होते. त्या काळात एका खेड्यातील माणसाने आपल्या गावाचा पत्ताच धर्माच्या नावात घातला, असे म्हटले तरी चालेल.

योंगदामचा सर्वांत तपशीलवार उल्लेख त्याच्या ‘योंगदाम-गा’ या गीतात येतो. ते १८६० मध्येच रचले गेले असे मानतात. ते अभिजात चिनी भाषेत नसून देशी लिपीत, स्त्रिया व अशिक्षित लोक यांना ऐकून पाठ करता यावे अशा पारंपरिक छंदात आहे. त्यात ग्यॉंगजूचे प्राचीनत्व, गुमी पर्वताची आकृती व योंगदामची जलधारा यांचे वर्णन आहे. पण मुख्य भाग अपराधी मुलाच्या मनोगताचा आहे. वडिलांनी ज्या घरात नाव कमावले, तेथे आपण चाळिशीकडे झुकताना काहीही न मिळविता परतलो, ही खंत आणि मग साक्षात्काराने झालेला अवर्णनीय आनंद असा तो ओघ आहे. त्याच्या आठ गीतांच्या संग्रहाचे नावही ‘योंगदाम युसा’ असेच आहे. एका पाठशाळेचे नाव अशा रीतीने धर्मग्रंथाचे नाव बनले. चिनी भाषेतील गद्य रचनांचा संग्रह ‘दोंगग्यॉंग देजॉन’ हा दुसरा प्रमुख ग्रंथ होय.

१८६१ पासून त्याने उघडपणे उपदेश सुरू केला आणि गाजॉंग-रीकडे जाणाऱ्या वाटेवर माणसांची रीघ लागली. हा बोभाटा अधिकाऱ्यांप्रमाणेच स्थानिक कन्फ्यूशस पंडितांनाही रुचला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गाव सोडून नामवॉनजवळच्या डोंगरातील एका आश्रमात राहिला व तेथे त्याने काही महत्त्वाचे लेखन केले. १८६२ मध्ये तो परतला. ते वर्ष जिंजू येथील शेतकऱ्यांच्या उठावाचे. तो वणवा दक्षिणेच्या प्रांतांत पसरलेला असल्याने कोणताही जमाव सरकारला धोक्याचा वाटत होता. जे-ऊला एकदा पकडून सोडून देण्यात आले. वर्षाच्या शेवटी त्याने गावोगावच्या अनुयायांचे गट पाडून त्यांवर प्रमुख नेमले. पुढे हीच रचना धर्माला तारक ठरली. १८६३ मध्ये ग्यॉंगजूचाच रहिवासी असलेल्या चे शी-ह्यॉंग (१८२७–९८) याला त्याने उत्तराधिकारी नेमले.

राजदरबाराने जॉंग उन-गू या अधिकाऱ्याला चौकशीसाठी पाठविले. त्याचा अहवाल राजवृत्तांतात नोंदलेला असून गाजॉंग-रीच्या इतिहासाचे ते सर्वांत मौलिक साधन म्हणावे लागेल, कारण ते शत्रुपक्षाचे आहे. उत्तरेकडील खिंड ओलांडून ग्यॉंगजूला पोहोचेपर्यंतच्या चारशे ली अंतरात दोंगहाकचे नाव कानी पडले नाही असा एकही दिवस गेला नाही. ग्यॉंगजूच्या आसपास तर खाणावळीतील बाया आणि डोंगरातील पोरेही तो मंत्र म्हणत असतात, असे त्यात म्हटले आहे. अवघ्या अडीच वर्षांच्या उपदेशाचा हा परिणाम होता. डिसेंबर १८६३ मध्ये (चांद्र गणनेनुसार) योंगदाम येथे जे-ऊला शिष्यांसह अटक झाली. त्याला राजधानीकडे नेत असतानाच राजा चॉलजोंग याचा मृत्यू झाल्याने कैद्यांना माघारी देगूला आणले गेले. कुमार्गाने सन्मार्ग भ्रष्ट केल्याच्या आरोपावरून १५ एप्रिल १८६४ रोजी तेथे त्याचा शिरच्छेद झाला. दोंगहाक म्हणजे नाव बदललेला कॅथलिक पंथच, असे चौकशी अधिकाऱ्यांचे मत होते. ज्या ‘पश्चिमेच्या विद्ये’ला उत्तर म्हणून त्याने आपला मार्ग सांगितला, तिच्या अनुयायांनाही पुढे देगूच्या त्याच वधस्थानी देहदंड देण्यात आला.

शिष्यांनी शव गावी आणून गुमी पर्वताच्या पायथ्याशी पुरले. त्यानंतर योंगदाम ओस पडले. कुटुंबाची पांगापांग झाली. १८७५ पर्यंत पत्नी व दोन्ही मुलगे मृत्यू पावले होते. धर्माचे केंद्र गांगवॉन व छुंगछॉंग प्रांतांच्या डोंगराळ भागांत सरकले. त्यामुळेच मुख्य धर्मग्रंथ प्रथम ग्यॉंगजूत नव्हे, तर १८८० मध्ये इंजे व १८८१ मध्ये दानयांग येथे छापले गेले. संस्थापकावरील कलंक दूर करावा, ही मागणी मात्र अनुयायांनी सोडली नाही. १८९२–९३ मधील त्यांची निवेदने व मेळावे याच मागणीसाठी होते आणि त्यांतूनच १८९४ चे, जॉन बोंग-जून याच्या नेतृत्वाखालील, प्रचंड शेतकरी बंड उभे राहिले. ते चीन-जपान युद्धाचे निमित्त ठरले. त्या बंडाच्या काळातील मागण्यांत तरुण विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, अशी एक मागणी नोंदलेली आहे. त्याच वर्षीच्या शासकीय सुधारणांनी ही मोकळीक दिली आणि मुलकी परीक्षाही रद्द केली. चे जे-ऊच्या आयुष्याला जन्मतःच पडलेली गाठ अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी सुटली. त्याला राज्याकडून दोषमुक्ती मिळाली ती १९०७ मध्ये. तत्पूर्वी, डिसेंबर १९०५ मध्ये, सोन ब्यॉंग-ही याने धर्माला चॉन्दोग्यो (‘स्वर्गीय मार्गाचा धर्म’) हे नाव दिले होते. दोषमुक्तीनंतर समाधीची पुनर्रचना झाली.

सद्यःस्थिती : १९१९ च्या १ मार्च स्वातंत्र्य चळवळीतील तेहतीस स्वाक्षरीकर्त्यांपैकी पंधरा जण चॉन्दोग्यो पंथाचे होते. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर कोरियात संस्थापकाच्या जन्मभूमीला धार्मिक महत्त्वाबरोबर राष्ट्रीय महत्त्वही आले. जन्मघराच्या जागी १९७१ मध्ये स्मारकशिला उभारण्यात आली. १९७४ मध्ये गुमी पर्वताचा परिसर ग्यॉंगजू राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला आणि १९७५ मध्ये योंगदाम येथील सध्याचा मंडप (योंगदामजॉंग), पूल, साधनागृह व प्रवेशद्वारे पूर्ण झाली. बाहेरच्या द्वाराचे नाव ‘पोदॉक-मुन’ असून ते धर्मग्रंथातील पहिल्या प्रकरणाच्या नावाप्रमाणेच उच्चारले जाते. चिनी लिपीत शेवटचे अक्षर तेवढे भिन्न आहे : ग्रंथात त्याचा अर्थ ‘लेख’, येथे ‘दार’.

जन्मघराची पुनर्बांधणी २०१४ मध्ये झाली. मूळ घर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच जळून गेले असल्यामुळे ही वास्तू त्या काळच्या ग्रामीण यांगबान घरांच्या धर्तीवर केलेली कल्पना होय. तिला अवशेष समजणे चुकीचे ठरेल. योंगदामचा मंडपही पाठशाळेची प्रतिकृती नव्हे. त्या मानाने घळई, ओढा आणि पर्वत हेच येथील खरे जुने घटक आहेत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांमुळे ते पुष्कळसे अबाधित राहिले आहेत. श्रद्धाळूंच्या दृष्टीनेही जन्मघरापेक्षा योंगदामचे स्थान वरचे आहे. येथे पावित्र्य जन्माला नसून परतण्याला आहे, असे म्हणता येईल. कोरियातील नंतरच्या दोन देशी धर्मांच्या संस्थापकांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. वॉन बौद्ध पंथाचा संस्थापक सोतेसान (जन्म १८९१) याचा जन्म व ज्ञानप्राप्ती दोन्ही योंगग्वांग जिल्ह्यातील एकाच खेड्यात झाली, पण त्याला ते सोडून परतावे लागले नाही. जुंगसान (जन्म १८७१) याचे जन्मगाव तर १८९४ च्या शेतकरी बंडातील एका मोठ्या रणभूमीच्या जवळच आहे. म्हणजे गाजॉंग-रीत सुरू झालेल्या घटनाक्रमाची सावली तेथेही पोहोचते.

दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत चॉन्दोग्यो अनुयायांची संख्या सुमारे ६६,००० होती. विसाव्या शतकाच्या आरंभी देशातील सर्वांत प्रबळ धार्मिक संघटनांपैकी एक असलेल्या या धर्माचा हा संकोच फाळणीमुळेही झाला, कारण त्याचे अनुयायी उत्तरेत विशेष संख्येने होते. धर्माचे मुख्य मंदिर सेऊल येथे असून ते १९२१ मध्ये पूर्ण झाले. गाजॉंग-रीत प्रशासकीय कारभार नाही, साधना व यात्रा आहे. १८९४ च्या बंडाशी संबंधित कागदपत्रांची २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती सूचीत नोंद झाली आणि २०२४ हे चे जे-ऊच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष होते. ५ एप्रिल रोजी साक्षात्कारदिनाच्या आणि २८ ऑक्टोबर रोजी जन्मदिनाच्या निमित्ताने अनुयायी येथे येतात. एरवी येणाऱ्यांत गुमी पर्वताच्या चढणीस निघालेल्यांचा भरणा अधिक असतो. शिखराकडे जाणारी एक पायवाट योंगदामजवळूनच सुरू होते.